वाळल्या पानांची बखर

बखरकारांनी राजांच्या लढाया लिहिल्या, कुलकर्ण्यांनी शेतसारा लिहिला. रानातल्या तणाची नोंद कोणी ठेवायची? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. अशी नोंद ठेवणारी माणसे होऊन गेली आणि त्यांचे दप्तर आजही शाबूत आहे.

आमच्या सोलापूरकडे आंबट चुक्याची भाजी कोणाला सांगायला नको. हरभऱ्याची डाळ नि शेंगदाणे घालून केलेली ती पातळ भाजी, वर लसणाची फोडणी आणि सोबत ज्वारीची भाकरी! या चुक्याला लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली ‘रुमेक्स व्हेसिकॅरियस’ असे नाव दिले. त्याचा एक रानटी भाऊ हिमालयात असतो. कलकत्त्याच्या सरकारी बागेचे वॉलिचसाहेब १८२०-२१ मध्ये नेपाळात वनस्पती गोळा करीत हिंडले. आणि १८२५ साली श्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकाने या रानचुक्याचे ‘रुमेक्स नेपालेन्सिस’ असे बारसे केले.

पहाडी माणसे बिच्छूघासाने अंगाची आग झाली की याचाच पाला चोळतात. याच्या फळाला आकड्यासारखे वाकडे दात असतात. ते मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात, आणि मेंढपाळांच्या तळावर, लेंड्यांनी खतावलेल्या जमिनीत हे रोप दाट माजते. म्हणजे तण कुठे उगवले हे पाहिले की माणूस नि मेंढरू कुठे मुक्कामाला होते, याचाही माग लागतो. शेतात मेंढ्या बसवून घेणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको.

हे दप्तर लिहायची रीत साधी आहे. रोप फुलाफळांसकट घ्यायचे, कागदात दाबून वाळवायचे, जाड कागदावर डकवायचे आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव, ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणारा कोण. सोळाव्या शतकात इटलीतल्या लुका गिनी या अध्यापकाने ही पद्धत रूढ केली. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांनी १९०६ साली असा संग्रह सुरू केला. पुण्याच्या कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक हे पेशाने इंजिनियर. पण १९०१ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. १९५५ पासून पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय आहे.

वाचक म्हणतील, मास्तर, वाळला पाला जपून कोणाचे पोट भरते? याचे उत्तर सिक्कीमात मिळते. जोसेफ हूकर १८४८ ते १८५० या काळात तिथले डोंगर चढले. १८४९ साली त्यांना तिथे कैदही भोगावी लागली. कोणते रोप किती उंचीवर दिसले, हे मात्र ते लिहीत राहिले. सुमारे दीडशे वर्षांनी अभ्यासक त्याच डोंगरांवर गेले. २०१३ साली त्यांनी जाहीर केले की, केवळ त्या प्रदेशातच वाढणाऱ्या १२४ जातींपैकी ८७ टक्के जातींनी आपली जागा बदलली आहे. हवा तापली तशी रोपे वर सरकली. हूकरनी उंची लिहून ठेवली नसती, तर हे कशाशी ताडून पाहणार होते? डोंगराला माथा असतो. तिथवर पोचलेल्या रोपाने पुढे जायचे कुठे?

मला काळजी वाटते ती अशी की, दुर्मिळ फुलासाठी लोक कडे चढतात. चुक्यासारखे पायदळी येणारे तण मात्र ‘ते काय, सगळीकडेच आहे’ म्हणून राहून जाते. ते नाहीसे होऊ लागले, तर पहिले कुठून गेले हे सांगणारा कागदच उरायचा नाही. म्हणून माझ्या वर्गातल्या मुलांना मी बांधावरचे एकेक तण वहीत दाबायला लावतो. चिठ्ठीवर तारीख नि शिवाराचे नाव नसेल, तर वही परत करतो. मुले कुरकुरतात. पण त्यांच्या नातवंडांना विचारायचे झाले, तर आजच्या शिवाराचा साक्षीदार दुसरा कोण आहे?