विज्ञानकथेची समीक्षा : पुस्तकाचे माप आणि पडद्याचे माप

विज्ञानकथेला वाचक लवकर लाभले. समीक्षक मात्र उशिरा. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ अशा कथांना वाहिलेले मासिक सुरू केले. परंतु या साहित्याच्या विद्यापीठीय अभ्यासासाठी ‘एक्स्ट्रापोलेशन’ हे नियतकालिक निघण्यास १९५९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात चर्चा होत असे ती मासिकांच्या वाचकपत्रांत आणि चाहत्यांनी स्वखर्चाने काढलेल्या छोट्या अंकांत. ती सारी हौशी व उथळ होती असे समजण्याचे मात्र कारण नाही. डेमन नाइट आणि जेम्स ब्लिश हे दोघे स्वतः कथालेखक. त्यांनी आपल्याच सहव्यावसायिकांच्या लेखनाची जी निर्दय चिकित्सा केली, ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि आजही वाचनीय आहे. १९६० मध्ये किंग्जली एमिस या इंग्रज कादंबरीकाराचे ‘न्यू मॅप्स ऑफ हेल’ हे पुस्तक आले आणि मुख्य प्रवाहातील साहित्यिकाने या प्रांतात पाऊल टाकल्याची नोंद झाली.

चित्रपटाची कथा वेगळी आहे. विज्ञानपटांवरील बहुचर्चित असा पहिला निबंध सुझन सोंटॅग यांचा. १९६५ च्या ‘द इमॅजिनेशन ऑफ डिझास्टर’ या निबंधात त्यांनी असे मांडले, की हे चित्रपट विज्ञानाविषयी नसतातच, ते विध्वंसाविषयी असतात. कादंबरी बुद्धीला व्यायाम देते, तर चित्रपट शहरे कोसळताना प्रत्यक्ष दाखवून इंद्रियांना गुंतवतो. अण्वस्त्रांच्या छायेत जगणाऱ्या पिढीचे भय या पटांत प्रकट होते खरे. पण त्या भयाची सवय लावून ते त्याला बोथटही करतात, हा सोंटॅग यांचा मुख्य आक्षेप होता. पुस्तकाकडे विचार आणि चित्रपटाकडे देखावा, ही वाटणी येथे स्पष्टपणे मांडली गेली आणि ती पुढे फार काळ टिकली.

या वाटणीला सैद्धांतिक आधार मिळाला तो डार्को सुविन यांच्याकडून. झाग्रेबमध्ये १९३० साली जन्मलेले सुविन पुढे कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अध्यापक झाले. १९७३ मध्ये आर. डी. मुलेन यांच्यासह त्यांनी ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ हे नियतकालिक सुरू केले. १९७९ च्या ‘मेटामॉर्फसिस ऑफ सायन्स फिक्शन’ या ग्रंथात त्यांनी केलेली व्याख्या आजही प्रत्येक अभ्यासकाला ओलांडूनच पुढे जावे लागते. सुविन यांच्या मते विज्ञानकथा म्हणजे ‘ज्ञानाधिष्ठित अपरिचितीकरण’. अपरिचितीकरणाची कल्पना त्यांनी रशियन रूपवादी श्क्लोव्हस्की आणि नाटककार ब्रेश्ट यांच्याकडून घेतली. परिचित जग असे काही दाखवायचे की ते परके वाटावे आणि म्हणूनच नव्याने दिसावे. परीकथाही हे करते. पण विज्ञानकथेतील परकेपणाला तर्काची शिस्त असते. कथेत एखादे नवे तत्त्व प्रवेश करते. सुविन त्याला ‘नोव्हम’ म्हणतात; ही संज्ञा एर्न्स्ट ब्लॉख या जर्मन विचारवंताची. त्या एका नवतत्त्वातून कथेचे सारे जग सुसंगतपणे उलगडत जाते. ही कसोटी लावली तर बाजारातील बहुतांश विज्ञानकथा बाद ठरतात, हे सुविन यांना ठाऊक होते आणि त्याचे त्यांना दुःख नव्हते.

मराठी वाचकाला हा निकष अगदीच अनोळखी नाही. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली आणि ती पहिली आली. तेव्हापासून विज्ञानकथेतील विज्ञान किती खरे असावे, हा वाद आपल्याकडे अधूनमधून रंगतो. सुविन यांची मागणी मात्र विज्ञानाच्या अचूकतेची नाही, विचाराच्या शिस्तीची आहे. या दोहोंत गल्लत झाली की समीक्षा गणिताच्या पेपरासारखी होते.

पुस्तकासाठी घडविलेले हे माप पडद्याला लावले तर काय होते, हे पाहण्यास ‘सोलारिस’इतके चांगले उदाहरण नाही. स्तानिस्लाव लेम यांची ही पोलिश कादंबरी १९६१ ची. दोन सूर्यांभोवती फिरणाऱ्या सोलारिस या ग्रहावर एक अवाढव्य महासागर आहे आणि तो सजीव आहे. त्याचा अभ्यास करणाऱ्या अंतराळस्थानकावर क्रिस केल्विन हा मानसशास्त्रज्ञ येतो. काही काळाने त्याच्यापुढे त्याची आत्महत्या केलेली प्रिया येऊन उभी राहते. महासागराने ती त्याच्याच स्मृतीतून घडविली आहे. ही झाली कथा. परंतु कादंबरीचा मोठा भाग व्यापला आहे तो स्थानकाच्या ग्रंथालयाने. ‘सोलारिसशास्त्र’ नावाच्या काल्पनिक विद्याशाखेचा सविस्तर इतिहास लेम तेथे लिहितात : कोणी कोणता सिद्धांत मांडला, कोणी तो खोडला, महासागराच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या आकारांना कोणती नावे दिली गेली, आणि एवढे ग्रंथ रचूनही त्याचा अर्थ कसा कुणालाच लागला नाही. मानवी ज्ञानाची मर्यादा हा येथे विषय आहे. सुविन यांच्या व्याख्येला यापेक्षा चपखल कादंबरी शोधून सापडणार नाही.

आंद्रेई तारकोव्हस्की यांनी १९७२ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, आणि हे सारे ग्रंथालय बाजूला ठेवले. कादंबरीत नसलेला पृथ्वीवरील दीर्घ भाग त्यांनी आरंभी घातला : वडिलांचे घर, तळे, पाण्यात हलणारे गवत, पाऊस. भविष्यातील शहर म्हणून टोकियोतील रस्ते चित्रित केले. त्यांचा केल्विन ज्ञानाच्या नव्हे, तर अपराधभावाच्या शोधात अंतराळात जातो. पटकथेवरून लेखक आणि दिग्दर्शक यांचे कडाक्याचे भांडण झाले. तारकोव्हस्कीने ‘सोलारिस’ नव्हे, दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ पडद्यावर आणली, असा लेम यांचा शेरा प्रसिद्ध आहे. २००२ च्या स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या चित्रपटाने तर प्रेमकथाच तेवढी उरविली. त्यावर लेम यांनी, आपण कादंबरीला ‘अंतराळातील प्रेम’ असे नाव दिले नव्हते, अशी आठवण करून दिली.

लेम यांची तक्रार न्याय्य आहे काय? कादंबरीपुरती आहे. पण तेवढ्यावरून तारकोव्हस्कींचा चित्रपट कमी प्रतीचा ठरविणे म्हणजे त्यातील निम्मी दृश्ये न पाहणे होय. स्थानकावरील एक क्षण घ्या. गुरुत्वाकर्षण काही सेकंद थांबते आणि केल्विन व ती स्त्री हवेत तरंगू लागतात. ब्रॉयगेल या चित्रकाराच्या हिमातील शिकाऱ्यांवर कॅमेरा फिरतो. बाखचे संगीत सुरू होते. येथे कोणताही सिद्धांत सांगितलेला नाही. तरीही आपण सोडून आलेली पृथ्वी त्या क्षणी परक्या ग्रहासारखी दिसू लागते. अपरिचितीकरण म्हणतात ते हेच. फक्त ते युक्तिवादातून येत नाही. ते प्रतिमेतून, ध्वनीतून आणि लांबविलेल्या वेळेतून येते.

अमेरिकी अभ्यासक व्हिव्हियन सॉबचॅक यांनी १९८० मध्ये विज्ञानपटांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९८७ मध्ये ‘स्क्रीनिंग स्पेस’ या नावाने तो वाढवून प्रसिद्ध केला. कथानकाऐवजी दृश्य आणि ध्वनी यांची चिकित्सा करावी, हा मार्ग त्यांनी घालून दिला. दुसरीकडे सुविन यांच्या व्याख्येलाही हादरे बसले. कार्ल फ्रीडमन यांनी २००० मध्ये असे सुचविले, की कथेतील ज्ञान खरे असण्यापेक्षा कथेने ज्ञानाचा परिणाम साधणे महत्त्वाचे. चायना मिएव्हिल यांनी २००९ मध्ये त्याही पुढे जाऊन विचारले, की हा परिणाम लेखकाच्या अधिकारवाणीने वाचकावर टाकलेली भुरळ तर नव्हे? हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो परीकथा आणि विज्ञानकथा यांमधील भिंतीलाच हात घालतो.

गंमत अशी, की तारकोव्हस्की स्वतः या चित्रपटावर संतुष्ट नव्हते. रॉकेट आणि स्थानकाची सामग्री आड आली, असे त्यांचे मत होते. १९७९ च्या ‘स्टॉकर’मध्ये त्यांनी ती जवळजवळ सारी काढून टाकली. त्याचा आधार असलेली ‘रोडसाइड पिकनिक’ ही स्त्रुगात्स्की बंधूंची कादंबरी परग्रहावरून आलेल्यांनी मागे टाकलेल्या वस्तूंनी भरलेली आहे. चित्रपटात उरते ते ओले गवत, गंजलेले लोखंड आणि तीन माणसे. पुस्तकाच्या मापाने याला विज्ञानकथा म्हणणे अवघड आहे. तरीही विज्ञानपटांवरील कोणत्याही गंभीर ग्रंथात तो टाळता येत नाही.

कादंबरीच्या निष्ठावंतांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्रजीत ‘सोलारिस’वर जी समीक्षा अनेक दशके लिहिली गेली, तिचा आधार असलेला १९७० चा अनुवाद पोलिशवरून नव्हे, फ्रेंच भाषांतरावरून झालेला होता. नायिकेचे हारे हे नावही त्यात बदलून रेया झाले. मूळ पोलिशवरून बिल जॉन्स्टन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये प्रथम ध्वनिपुस्तकाच्या रूपाने आला. तोपर्यंत लेम यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.