शाळेची वाट आणि शाळेचे दार
(रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या इंग्रजी शाळा व त्यांचे विद्यार्थी)

सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी मन सहजच मागे वळते. चार समवयस्क एकत्र जमले की, संसार, व्यापार, प्रकृती हे विषय संपतात आणि अखेर गोष्टी शाळेवर येतात. कोणाला गणिताच्या मास्तरांची छडी आठवते, तर कोणाला पावसात भिजलेले दप्तर. वास्तविक त्या काळी शाळेत सुख असे फारसे नव्हतेच. तरीही त्या आठवणी गोड का वाटाव्यात? आपल्या जिल्ह्यातील जुन्या विद्यार्थ्यांची चरित्रे चाळली असता या प्रश्नाचे उत्तर सापडते, आणि त्याबरोबरच मनाला थोडे अस्वस्थ करणारे सत्यही हाती लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावी मराठी शाळा निघू लागल्या होत्या. परंतु इंग्रजी शिक्षण घेऊन मॅट्रिक व्हायचे तर मोजकीच ठिकाणे होती. रत्नागिरीचे सरकारी हायस्कूल हे त्यांतील प्रमुख. पुढे दापोलीसही मिशनऱ्यांची इंग्रजी शाळा नावारूपास आली. रस्ते थोडे, नद्यांना पूल नाहीत, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरील जलवाहतूक बंद. अशा स्थितीत शाळा म्हणजे आधी पायपीट आणि मगच पुस्तक.

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत हे येथे शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या विषयांत त्यांची उत्तम गती होती. त्यामुळे बाळ टिळकांची खरी शाळा घरातच भरली. १८६६ मध्ये गंगाधरपंतांची पुण्यास बदली झाली आणि हे कुटुंब रत्नागिरी सोडून गेले. टिळक आळीतील ते जन्मघर आजही स्मारकरूपाने जपलेले आहे.

टिळकांच्याच वयाचा आणखी एक मुलगा विद्येच्या ओढीने रत्नागिरीत आला होता, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. तो मुलगा म्हणजे कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे गोपाळ गणेश आगरकर. घरची अत्यंत गरिबी असल्याने ते सह्याद्री ओलांडून इंग्रजी शिकण्यासाठी येथे आले. परंतु राहण्या-जेवण्याचा आधार न मिळाल्याने त्यांचा निभाव लागला नाही. ते परत कऱ्हाडास गेले आणि पुढे अकोल्याहून मॅट्रिक झाले. त्यांच्यापाशी बुद्धी होती, जिद्द होती. उणीव होती ती दोन वेळच्या अन्नाची. त्या वेळी एखाद्या घराने त्यांना आठवड्याचा एक वार दिला असता, तर आगरकरांचे नाव आज आपण रत्नागिरीचे विद्यार्थी म्हणून अभिमानाने घेतले असते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची कथाही अशीच आहे. मुरुड येथे सोमण गुरुजींच्या हाताखाली त्यांनी लोकसेवेचे पहिले धडे गिरवले. १८७५ मध्ये सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांसह कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास गेले. शंभराहून अधिक मैलांची ती वाट होती. परंतु तेथील परीक्षकांना हा किरकोळ शरीरयष्टीचा मुलगा परीक्षेस आवश्यक असलेल्या सतरा वर्षांचा वाटेना, आणि त्यास परीक्षेस न बसताच परतावे लागले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते काही काळ रत्नागिरीस राहिले. परंतु प्रकृतीने साथ न दिल्याने तेही सुटले. अखेर मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले. हेच कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले, आणि ज्यांना शाळेचे दार बंद होते अशा स्त्रियांसाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले. १९५८ मध्ये ते ‘भारतरत्न’ झाले.

दापोलीच्या मिशन शाळेने जिल्ह्याला दुसरे भारतरत्न दिले. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पंचखंडात्मक ग्रंथ इंग्रजीत सिद्ध करणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे येथूनच १८९७ मध्ये मॅट्रिक झाले. उच्च शिक्षणानंतर १९०४ ते १९०७ या काळात त्यांनी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कूलमध्ये अध्यापनही केले. हिंदू धर्मशास्त्राचा एवढा थोर अभ्यासक ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळेत घडावा, ही गोष्ट विद्येला पंथाची कुंपणे नसतात हेच सांगते.

याच दापोलीत काही वर्षांनी पालगडचा पांडुरंग सदाशिव साने शिकत होता. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली. तीत दापोलीच्या दिवसांची एक हृद्य आठवण आहे. खाऊसाठी मिळालेले पैसे साठवून श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवतो, आणि गणेश चतुर्थीस भर पावसात नदी-नाल्यांतून चालत घरी येऊन तो त्याच्या अंगावर घालतो. शाळेची आठवण म्हणून गुरुजींच्या मनात धडे अथवा गुण राहिले नाहीत; राहिली ती पावसातली वाट. पुढे घरची परिस्थिती खालावल्याने त्यांना दापोली सोडावी लागली. गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळल्यावरून ते औंधास गेले. भुकेचा अनुभव घेतलेला हा विद्यार्थी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला. तेथे छात्रालयातील मुलांचा सांभाळ त्यांनी आईच्या मायेने केला, आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढले.

या सर्व कथांतून एकच गोष्ट दिसते. शाळेच्या आठवणी गोड होतात त्या इमारतीमुळे नव्हे. परगावच्या पोराला ओसरीवर जागा देणारे घर, वाराने जेवू घालणारी माउली, फी थकली तरी वर्गात बसू देणारे गुरुजी, यांच्यामुळे त्या गोड होतात. जेथे हा आधार मिळाला तेथे विद्यार्थी टिकला, आणि जेथे मिळाला नाही तेथून तो निघून गेला.

मात्र, ज्यांना वाट चालूनही दाराबाहेरच थांबावे लागले, त्यांची आठवण काढल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. दापोली हे लष्करी पेन्शनरांचे गाव होते. १८९० नंतरच्या काळात तेथील निवृत्त महार सैनिकांना आपल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, आणि त्या मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ सहकुटुंब दापोलीतच राहत होते. पुढे १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी शाळांतून सर्व जातींच्या मुलांना सरमिसळ बसवावे यासाठी जिल्हाभर खटपट केली. ज्या वर्गाची एकास गोड आठवण आहे, त्याच वर्गाचा उंबरठा दुसऱ्याच्या मनात सलत असतो, याचे भान आपण सर्वांनी ठेवले पाहिजे.

कालांतराने परिस्थिती पालटली. १९४५ मध्ये रत्नागिरीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते गोगटे-जोगळेकर महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. पदवीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरण्याची सक्ती त्यामुळे उरली नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि परगाव जवळ आले. कुंभार्ली घाट पायी चढणारा विद्यार्थी आता दिसणार नाही.

परंतु आधाराची गरज संपलेली नाही. शहरात खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च न झेपल्याने शिक्षण अर्ध्यावर सोडणारी मुले आजही खेड्यापाड्यांत आहेत. आपल्यापैकी अनेकांनी आपल्या शाळेच्या आठवणी मोठ्या प्रेमाने जपल्या आहेत. त्या आठवणींचे ऋण फेडावयाचे असेल तर एकच मार्ग आहे. आपणास ज्या कोणी ओसरी दिली, त्याची परतफेड दुसऱ्या एखाद्या मुलाला ओसरी देऊन करावी. आगरकरांना एकदा रत्नागिरीहून परत जावे लागले. केवळ अन्न आणि निवारा नाही म्हणून यापुढे आपल्या गावातून एकही विद्यार्थी परत जाऊ नये, हाच या सुवर्णमहोत्सवी वर्षाचा संकल्प ठरो, हीच सदिच्छा.