काडतुसाची लांबी कोठून मोजावी ?

घाटघरनजीकचा जीवधन किल्ला १८१८ सालीं इंग्रजांनीं घेतला, तेव्हां बंदुका तोंडाकडूनच ठासल्या जात. गोळी नळीहून किंचित् लहान असली कीं पुरे. १८६९ सालीं खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला; पुढें तेथें .३०३ चीं काडतुसें होऊं लागलीं. त्यांची कमाल लांबी ३.०७५ इंच. परंतु पुनः भरलेलें काडतूस केवळ बुडापासून टोंकापर्यंत मोजणें फसवें होय. टोंकें सारखीं नसतात. शिवाय नळींतील पीळदार खांचांस प्रथम भिडतो तो गोळीचा पूर्ण जाडीस येणारा भाग. तो आधींच भिडल्यास दाब वाढतो. म्हणून नळीच्या व्यासाएवढ्या भोंकाची कडी गोळीवर बसवून तेथपर्यंत व्हर्नियरनें मोजावें. पोथीच्या झिजलेल्या कडा सोडून आपण मजकुराची चौकट मोजतों, तोच हा न्याय. संग्राहकांनीं दोन्ही मापें नोंदावीं, अशी आमची सूचना आहे.