आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : एका सिगारेटचा इतिहास

पेटती सिगारेट सोफ्याच्या फटीत पडली, तर लगेच ज्वाळा उठत नाहीत. आतला कापूस किंवा फोम बराच वेळ धुमसत राहतो. भडका उडतो तेव्हा घर झोपेत असते. अमेरिकेत घरांतल्या जीवघेण्या आगींचे हे अनेक दशके सर्वांत मोठे कारण होते. तरी दोष द्यायचा तो सोफ्याला, असे सिगारेट कंपन्यांचे म्हणणे. फर्निचर आगीला दाद देणार नाही असे बनवा. आमच्या मालाला हात लावू नका!

हा बंब रामेश्वराकडे वळवणाऱ्यांत अँड्रयू मॅक्ग्वायर यांचे नाव ठळक आहे. लहानपणी अंगावरचे कपडे पेटून ते भाजले होते. मुलांचे रात्रीचे कपडे सहज पेटू नयेत, यासाठी १९७०च्या दशकात ते झटले. नियम आले, पण ते पाळण्यासाठी उत्पादकांनी कापडात जे ट्रिस नावाचे रसायन वापरले, त्यापासून कर्करोगाचा धोका दिसला आणि १९७७ मध्ये त्यावर बंदी आली. पेटणारी वस्तू रसायनात बुडवण्यापेक्षा पेटवणारीच वस्तू का बदलू नये, हा प्रश्न माझ्या मते तिथेच उभा राहायला हवा होता.

१९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वेस्टवुड येथे सिगारेटच्या आगीत एका कुटुंबातले आईवडील आणि मुले गेली. तिथले खासदार जो मोकली यांनी विधेयक मांडले. मॅक्ग्वायर आणि इतर भाजलेली माणसे पाठपुरावा करीत राहिली. हे तंत्राने शक्य नाही, कंपन्या सांगत. १९८४च्या कायद्याने नेमलेल्या अभ्यासगटाने १९८७ मध्ये ते शक्य असल्याचे सांगितले. उपायही साधा : कागदावर ठरावीक अंतराने कमी सच्छिद्र पट्टे, झुरका थांबला की तिथे पोचलेली सिगारेट बहुधा विझते. तरीही पहिला कायदा न्यूयॉर्क राज्यात लागू व्हायला २००४ उजाडले. २०११ पर्यंत पन्नासही राज्यांत तो झाला.

भाजलेल्यांच्या शब्दाचे वजन एव्हाना उद्योगांनाही कळले होते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात एका नामांकित शल्यविशारदाने अग्निरोधक रसायनांच्या बाजूने, भाजून दगावलेल्या तान्ह्या बाळाची करुण कहाणी सांगितली. त्याला पुढे करणारी 'नागरिकांची' संघटना रसायन कंपन्यांच्याच पैशावर चालत होती. असे बाळ नव्हतेच, हे पुढच्या वर्षी शिकागो ट्रिब्यूनने उघड केले.

फोम उघड्या ज्योतीवर धरण्याची १९७५ची चाचणी कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये बदलली. आता सोफ्याच्या कापडावर धुमसती सिगारेट ठेवून पाहतात.