मोहफूल, गुत्ता आणि हातभट्टी : बीड जिल्ह्यातील घरगुती मद्यनिर्मितीचा कायदेशीर इतिहास

इंग्लंडच्या ग्रामीण भागात उन्हाळ्याच्या प्रारंभी एल्डर नावाच्या झुडपाची पांढरी फुले साखर व लिंबू घालून पाण्यात भिजविली जातात. किण्वन चालू असतानाच बाटलीचे तोंड घट्ट बंद केल्याने कार्बन डायऑक्साइड द्रवात विरघळून राहतो आणि फेसाळ वाइन तयार होते. ती विकावयाची नसल्यास परवाना लागत नाही; घरगुती बीअरवरील परवान्याची अटही तेथे 1963 मध्ये रद्द झाली. महाराष्ट्रात मात्र फुलापासून घरी मद्य करणे हा गुन्हा आहे. बीडसारख्या जिल्ह्यात तो गुन्हा कसा ठरत गेला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आपल्याकडील अशा मद्याचे फूल म्हणजे मोह. एल्डरच्या फुलात साखर जवळजवळ नसते, ती वरून घालावी लागते. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. त्यामुळे हे फूल आधी अन्न आहे, मद्य नंतर. दुष्काळात ते शिजवून खाल्ले जाई. कायद्याने या दुहेरी उपयोगाची दखल फारशी घेतली नाही, आणि खरा अन्याय येथेच आहे.

मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून मध्यवर्ती मद्यनिर्मितीस चालना दिली. तरीही चोरून गाळणे थांबेना, तेव्हा 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध घातले. भट्टी लपविता येते, फुलांची रास लपविणे कठीण, हा त्यामागील हिशेब असावा. नीतीची भाषा वापरली गेली खरी, परंतु उत्पन्नाची काळजी तिच्याहून मोठी होती.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे मद्याच्या निर्मितीचे व विक्रीचे हक्क मक्त्याने दिले जात. 1316 फसली, म्हणजे सुमारे 1907 च्या अबकारी कायद्याने या क्षेत्रास कायद्याची चौकट मिळाली. मक्त्यास ‘गुत्ता’ व मक्तेदारास ‘गुत्तेदार’ म्हणत. अबकारी व्यवस्था गेली. शब्द मात्र राहिला. बीड, परळी, गेवराईकडे रस्त्याच्या कंत्राटदारास आजही गुत्तेदारच म्हणतात. घरात गाळणारा हा गुत्तेदाराच्या उत्पन्नाचा चोर ठरत असे. म्हणजे निषिद्ध पिणे नव्हते, निषिद्ध होते ते स्वतःपुरते करणे.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम 1959 मध्ये येथेही लागू झाला. मद्य तयार करणे, बाळगणे आणि विकणे या सर्वांवर त्याने बंदी घातली, त्याचबरोबर मोहफुलांचे नियंत्रणही आणले. पुढे परवाना पद्धतीने दारूबंदी सैल झाली, कारखान्यांची दारू दुकानांत आली; घरची मात्र बेकायदा राहिली.

बीड हा मुळात अत्यल्प वनक्षेत्राचा, बालाघाटाच्या उघड्या डोंगरांचा जिल्हा. मोह येथे कधीच मुबलक नव्हता. हातभट्टीसाठी गूळ आणि नवसागर हाती आले. पोलिसांच्या पंचनाम्यात या आंबवणाला ‘रसायन’ म्हणतात, आणि तो शब्द चुकीचा म्हणता येत नाही. फुलाच्या मद्यास निदान ऋतू असतो. रसायनास ऋतू नाही, आणि ते स्वतःपुरते थोडेच केले जाते. घरगुती निर्मिती बंद करण्यासाठी आणलेल्या कायद्याच्या छायेत उरली ती चोरट्या विक्रीची निर्मिती.

शासनाची दृष्टी इतरत्र मवाळ झाली आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने नाशिकच्या वाइन उद्योगास सवलती दिल्या. मे 2021 मध्ये राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे, साठविणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला. फूल मोकळे झाले. ते घरच्या मडक्यात आंबविण्यास मात्र परवानगी मिळालेली नाही.