व्हीटी-सीएचएफ : रात्रीच्या टपालाचे डकोटा विमान

१/ १९४९ साली सातारा-सांगलीहून कलकत्त्यास धाडलेल्या साध्या पत्रालाही अधिभाराविना विमानप्रवास लाभू लागला. पत्र रेल्वेने मुंबईस जाई. पुढील प्रवास रात्री, डकोटातून.

२/ ही रात्रसेवा ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत टपाल देशाच्या दुसऱ्या टोकास पोहोचे.

३/ डकोटा हे अमेरिकेच्या डग्लस कंपनीचे विमान. त्याला प्रत्येकी सुमारे १२०० अश्वशक्तीची दोन पिस्टन इंजिने असत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक डकोटा विमाने भारतातील हवाई कंपन्यांनी विकत घेतली. लष्करी क्रमांक पुसून त्यांवर 'व्हीटी'ने सुरू होणारी नागरी नोंदणी रंगवली गेली.

४/ 'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयचा प्रदेश' ही समजूत लोकप्रिय असली, तरी या अक्षरांचे मूळ १९२७ च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेतील संकेतवाटपात आहे.

५/ राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्सचा कारभार १ ऑगस्ट १९५३ रोजी सुरू झाला. चारच महिन्यांनी, १२ डिसेंबरच्या पहाटे, 'व्हीटी-सीएचएफ' नागपुराहून मद्रासकडे झेपावले. उड्डाण होताच एका इंजिनाची शक्ती गेली आणि विमान कोसळले. विमानातील १४ पैकी १३ जण दगावले. वैमानिक तेवढा वाचला.

६/ रात्रीची टपालसेवा मात्र पुढेही चालू राहिली. स्वस्त तिकिटावर वेगाने पोहोचणाऱ्या त्या पत्रांमागे ही जोखीम होती.