निःशब्द पहारा

पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज हें नागरिकाचें एक संरक्षणच होय, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या देशांतील पोलिसी पाळतीचा न्यायालयीन इतिहास पाहतां आम्हांस तसें म्हणावेंसें वाटतें. या इतिहासांतील दोन मोठ्या निकालांशीं नागपूरच्या न्यायपरंपरेंतील दोन न्यायमूर्तींचा संबंध आहे.

उत्तर प्रदेशांतील खरकसिंग यास १९४१ सालीं दरोड्याच्या संशयावरून पकडण्यांत आलें व पुराव्याअभावीं सोडण्यांत आलें. तरी पोलिसांनीं त्याच्यावर पाळत सुरू केली. घराभोंवतीं गुप्त पहारा, जाण्यायेण्याची नोंद, आणि रात्रीं-अपरात्रीं दार ठोठावून घराची पाहणी! १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींनीं याचा निर्णय केला. नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयांत पूर्वीं न्यायाधीश असलेले ज. रा. मुधोळकर हे बहुमतांत होते.

बहुमतानें रात्रींची पाहणी अवैध ठरविली. गुप्त पहारा मात्र राहूं दिला. कारण असें दिलें कीं, पहारा खरोखर गुप्त असेल तर संशयितास त्याची वार्ताहि लागणार नाहीं. मग त्याच्या संचारास अडथळा तो कोणता? न्या. सुब्बा राव व न्या. शहा यांस हें मान्य झालें नाहीं. ज्याच्यावर सतत नजर आहे त्याचें मन मोकळें राहत नाहीं, हें सुब्बा राव यांनीं ओळखलें. बहुमताचा न्याय शेवटास नेला तर पाळत जितकी बेमालूम, तितकी ती निर्दोष ठरते!

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमुखानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला व जुना निकाल तेवढ्यापुरता रद्द केला. त्यांत नागपुरांत जन्मलेले न्या. शरद बोबडे होते. त्यांनीं आपलें सहमतीचें स्वतंत्र निकालपत्रहि लिहिलें.

हक्क मिळाला, पण तो मोडला हें कळावें कसें? २०१९ सालीं पेगासस नांवाच्या आज्ञावलीनें जगांतील सुमारें १,४०० जणांचे दूरध्वनी लक्ष्य झाले. नागपुरांतील एका वकिलास ही वार्ता पोलिसांनीं नव्हे, न्यायालयानें नव्हे, तर व्हॉट्सॲप या परदेशी कंपनीनें कळविली. सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या समितीस २०२२ सालीं २९ पैकीं ५ दूरध्वनींत घातक आज्ञावली आढळली. ती पेगाससच होती असें मात्र सिद्ध झालें नाहीं.

गुन्हेगारांवर सरकारनें नजर ठेवूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. पण १८८५ च्या तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें घेतली, तरी संभाषण चोरून ऐकण्याची परवानगी सचिवच देतात व तिची तपासणीहि सचिवांचीच समिती करते. न्यायाधीश कोठेंच नाहीं. परवानगी न्यायाधीशानें द्यावी, आणि काम संपल्यावर त्या मनुष्यास तसें कळवावें, एवढेंच आमचें मागणें आहे. खरकसिंगास दारावरची थाप ऐकूं आली, म्हणून तो न्यायालयांत जाऊं शकला.